विष आमच्या बांधावरचे, औषध कुणाच्या वाट्याचे?

माझ्या आईला नागीण झाली ते साल २००९. नागीण म्हणजे साप नव्हे, अंगावर उठते ती. डाव्या बरगडीखालून पाठीच्या कण्यापर्यंत पाण्याच्या फोडांचा चार बोटे रुंद पट्टा. आमच्या कळंब तालुक्यातील वस्तीवर तेव्हा याचे निदान आणि उपचार दोन्ही ठरलेले होते. म्हातारी माणसे सांगत, "नागिणीचं तोंड आन् शेपूट मिळू दिऊ नका, मिळालं की माणूस जातंय." मग काव उगाळायची, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रेघ ओढायची, कुणीतरी पुटपुटायचे आणि नागीण अडली म्हणायचे. आईच्याही अंगावर अशी रेघ ओढली गेली. मी शिकलेला मुलगा घरात होतो, तरी ओढली गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्यात मी शहाणा आणि वस्ती अडाणी असा सूर लागणार नाही.

तीन आठवड्यांत फोड सुकले, खपल्या पडल्या. रेघ ओढणाऱ्याला यश मिळाले. खरी गोष्ट अशी की, लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दबून राहतो आणि उतारवयात, अंगातली ताकद घटली की, एखाद्याच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो. त्यामुळे पट्टा मधली रेषा सहसा ओलांडत नाही आणि तोंड व शेपूट एरवीही मिळत नाही. रेघेला फुकटचे श्रेय मिळत आले आहे.

पण आईचे दुखणे खपल्यांबरोबर गेले नाही. ते दोन वर्षे राहिले. लुगड्याचा पदर त्या जागेला लागला तरी ती कळवळे. "निखारा ठिवल्यावानी होतंय," म्हणे. रात्री झोपेच्या वेळी ती भिंतीला टेकून बसून राही. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात तिला दर आठवड्याला वेदनाशामक सुई टोचली जाई. दोन दिवस बरे वाटल्यासारखे होई आणि पुन्हा तेच. त्या सुयांनी दुखणे हलले नाही, मूत्रपिंडावर मात्र ताण आला. पुढे एका डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक लहानशी गोळी दिली आणि आठ-दहा दिवसांनी आई पहिल्यांदा सलग चार तास झोपली. गोळीचे नाव अमिट्रिप्टिलीन. साठच्या दशकापासून जगभर वापरात असलेली, मुळात मनाच्या खिन्नतेवरची आणि अतिशय स्वस्त. डॉक्टर म्हणाले, "जखम दुखते तेव्हा तार चांगली असते, निरोप खरा असतो. इथे तारच जळालेली आहे. जखमेवरची सुई तारेला काय करणार?"

वाचकहो, जळालेल्या तारेचे हे दुखणे आपल्या जिल्ह्यात किती घरांत आहे ते एकदा आठवून पाहा. साखरेचा आजार दहा-पंधरा वर्षे झालेल्या माणसाच्या तळपायाची रात्री आग होते, मुंग्या येतात, पुढे पाय बधिर होतो आणि चप्पल निसटली तरी कळत नाही. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूवरच बसतात. जंतू मेले, गोळ्यांचा कोर्स संपला, सरकारी दप्तरात रुग्ण बरा झाला, तरी हाताची कळ काही जणांत वर्षानुवर्षे राहते. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातून दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघणारी जोडपी सहा-सहा महिने वाकून ऊस तोडतात, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर फळी चढतात. मणक्याची गादी सरकते, कमरेपासून अंगठ्यापर्यंत करंट उतरतो. उचल अंगावर असते, म्हणून कळ घेऊनच कोयता चालवावा लागतो. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा-लोहाऱ्याच्या पट्ट्यात जी घरे कोसळली, त्यांच्या दगडमातीखालून जिवंत निघालेल्यांपैकी किती जणांच्या पाठीत आणि पायात ती पहाट अजून ठणकते, याची मोजदाद कुणी ठेवली आहे का?

या वेदनेला फोटो नसतो, क्ष-किरणात ती दिसत नाही. तपासणाऱ्याला वाटते बाई नाटक करते, मुकादमाला वाटते गडी कामचुकार आहे. म्हणून ती गरिबाला दुप्पट भोगावी लागते.

बाबासाहेबांनीही हीच वेदना भोगली आहे. १९४८ च्या सुमारास, राज्यघटनेचा मसुदा सिद्ध होत होता त्या दिवसांत, मधुमेहाने त्यांच्या पायांच्या मज्जातंतूंना ग्रासले होते. झोप उडाली होती, इन्सुलिन चालू होते. उपचारासाठी ते मुंबईला गेले, तेथेच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला. हा इतिहास आपल्याला लग्नाच्या बाजूने माहीत असतो, पायांच्या बाजूने कमी. कलमे लिहिणाऱ्या त्या माणसाचे पाय रात्रभर जळत होते आणि त्या काळच्या वैद्यकाजवळ त्यावर धड उपाय नव्हता. आज पाऊणशे वर्षांनंतर उपाय काही प्रमाणात आहेत. ते वाटले मात्र गेलेले नाहीत.

आता मूळ विषयाकडे येतो. गेली काही दशके जगातील प्रयोगशाळा या वेदनेवरचे औषध एका विचित्र जागी शोधत आहेत, ते म्हणजे विषात. साप, विंचू, कोळी, समुद्रातील गोगलगाय. यांच्या विषात पेप्टाइडे असतात, म्हणजे प्रथिनांचेच लहान तुकडे. शिकार जागच्या जागी लुळी पडावी म्हणून लाखो वर्षांत ही पेप्टाइडे इतकी नेमकी झाली आहेत की, मज्जातंतूवरील शेकडो दारांपैकी एकच विशिष्ट दार ती पकडतात. वेदनेचा निरोप ज्या दारातून जातो तेवढेच दार बंद करणारे विष सापडले तर? संशोधकांचा शोध एवढ्याशा प्रश्नाचा आहे.

त्याचे एक उत्तर सापडलेलेही आहे. फिलिपाइन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा अमेरिकेत डीएनएवर नामांकित काम करून साठच्या दशकाच्या अखेरीस मायदेशी परतले. मनिलाच्या प्रयोगशाळेत त्या कामाला लागणारी यंत्रे नव्हती. रडत न बसता त्यांनी भोवती मुबलक असलेली गोष्ट उचलली. लहानपणी ज्या शंकूच्या आकाराच्या समुद्री गोगलगायी ते गोळा करत, त्यांच्याच डंखाने माणसे मरतात हे कोळ्यांना ठाऊक होते. ते विष काय आहे, हे त्यांनी पाहायला घेतले. पुढे युटा विद्यापीठात त्यांच्या हाताखाली, नुकताच शाळा संपवून आलेल्या मायकेल मॅकिंटॉश नावाच्या पोराने या विषातून एक पेप्टाइड वेगळे काढले. ते २५ अमिनो आम्लांच्या साखळीचे. मज्जातंतूच्या टोकाला कॅल्शियम आत घेणारे एक दार असते, ते उघडले की वेदनेचा निरोप मज्जारज्जूतील पुढच्या पेशीकडे जातो. हे पेप्टाइड नेमके तेच दार अडवते. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. नाव झायकोनोटाइड. मॉर्फिनच्या हजारपट प्रभावी असे त्याचे वर्णन केले जाते आणि त्याचे व्यसन लागत नाही.

इथे टाळ्या वाजवण्याआधी थांबावे. हे औषध तोंडाने घेता येत नाही. पोटात गेले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाईल. शिरेतून दिले तरी मज्जारज्जूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणून पोटाच्या कातडीखाली एक पंप बसवायचा, त्यातून बारीक नळी पाठीच्या कण्यातील द्रवात सोडायची आणि थेंबाथेंबाने औषध द्यायचे. त्यातही भ्रम होणे, मन थाऱ्यावर नसणे असे दुष्परिणाम होतात. नुसता पंप बसवायलाच आपल्याकडे काही लाख लागतात. वाशीच्या ऊसतोड कामगाराला हे सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. तेव्हा 'विषातून वेदनामुक्ती' अशा मथळ्याच्या बातम्या वाचून कुणी हुरळून जाऊ नये. आणि त्या बातम्या दाखवून बाजारात कुणी विषाचे तेल, विषाचा लेप विकायला आला तर त्याला गावाबाहेरचा रस्ता दाखवावा.

दुसरा शोध असाच आपल्या शेजारचा आहे. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. दंडात सुरे खुपसून घ्यायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला वेदना म्हणजे काय ते जन्मतःच माहीत नव्हते. चौदा वर्षे पूर्ण व्हायच्या आत छपरावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नात्यातील कुटुंबांच्या तपासणीतून २००६ साली कळले की, मज्जातंतूवरील सोडियमचे एक विशिष्ट दारच या लोकांत निकामी असते. तेव्हापासून ते दार बंद करण्यासाठी टॅरंटुला कोळ्याच्या विषापासून अनेक विषे तपासली गेली. २०१२ साली फ्रान्समधील संशोधकांनी आफ्रिकेतील ब्लॅक मांबा सापाच्या विषातून वेदना शमवणारी पेप्टाइडे काढली. चीनमध्ये विंचवाच्या विषातील वेदनाशामक पेप्टाइडावर काम चालू आहे. उंदरावर यश आणि माणसावर अपयश, अशी या क्षेत्राची आजवरची बहुतेक कहाणी आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत त्याच कुळातील दुसरे सोडियम दार अडवणाऱ्या एका गोळीला मान्यता मिळाली, पण ती गोळी विषापासून केलेली नाही आणि मान्यता अचानक उद्भवणाऱ्या वेदनेसाठी आहे, जुनाट मज्जातंतू-वेदनेसाठी नाही.

मग या सगळ्याशी धाराशिवचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या पायाखालीच आहे.

आपल्या बालाघाटाच्या माळावर दगड उचलला की दोन प्रकारचे विंचू निघतात. एक काळी इंगळी, वीतभर, दिसायला भयंकर. तिचा डंख दुखतो, पण ती सहसा जीव घेत नाही. दुसरा लाल, लहान, बोटभर. हा जीव घेतो, त्यातही लहान लेकरांचा. त्याचे विष मज्जातंतूवरील सोडियमची दारे उघडीच ठेवते. शरीरात वादळ उठते, घामाने अंग भिजते, हातपाय गार पडतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. या लाल विंचवावर जगाला उपचार शिकवणारा माणूस मराठवाड्याचा आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या गरीब घरातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या नोंदी केल्या. १९८२ साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी वापरून त्यांनी मृत्यू रोखले आणि १९८६ साली तेही 'लॅन्सेट'ने छापले. शेकडा तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ते प्रमाण एक-दोनांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी आरोग्य केंद्र, वही, पेन आणि डोळे उघडे ठेवून पाहणारा डॉक्टर. एवढ्या भांडवलावर हे झाले.

आता त्याच लाल विंचवाची दुसरी गोष्ट. १९९० साली अमेरिकेतील मर्क या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध निघाला. याच विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड त्यांनी वेगळे केले होते. त्याचे नाव आयबेरिओटॉक्सिन. पेशीवरील पोटॅशियमचे एक मोठे दार ते बंद करते. हे वेदनेवरचे औषध नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ते दार काय काम करते हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा आजही हेच पेप्टाइड विकत घेतात, तेही कुपीत, मिलिग्रॅमच्या हिशेबात. ज्या विंचवाला आपण चपलेने ठेचतो, त्याच्या विषातील रेणूची ही किंमत आहे. फुरशाचेही तसेच. शेतमजुराच्या पायाला बांधावर डसणारे हे लहानसे फुरसे. त्याच्या विषातील एका प्रथिनाच्या घडणीवरून बेतलेले टायरोफिबान हे हृदयविकाराच्या झटक्यात वापरायचे औषध १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाले. आज मोठ्या शहरांतील हृदयरोग विभागांत ते वापरले जाते.

कुणी आमचे विष चोरले, अशी बोंब मारण्यासाठी मी हे लिहीत नाही. एकदा साखळीतील अमिनो आम्लांचा क्रम कळला की पेप्टाइड प्रयोगशाळेत बनवता येते, पुढे ना विंचू लागतो ना गोगलगाय. ज्यांनी डोके लढवले त्यांनी क्रम शोधला. प्रश्न असा आहे की, विंचू इथे, डंख इथे, मरणारे इथे, मग डोके लढवण्याची जागा इथे का नाही? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बालराम यांनी आपल्या किनाऱ्यावरील गोगलगायींच्या विषावर अनेक वर्षे काम केले, ते जगाने वाखाणले. पण अशी नावे मोजताना एका हाताची बोटे पुरतात. आणि मराठवाड्याच्या माळावर तर कुणी आलेच नाही.

काही मंडळी लगेच म्हणतील, हे सगळे आपल्या प्राचीन ग्रंथांत होतेच, सापाचे विष घातलेले रस आपल्याकडे होते. असतील. पण त्या विषातील कोणता रेणू काय करतो हे ग्रंथाने सांगितले नाही आणि ते कुणी विचारूही नये अशी सोय करून ठेवली. दुसऱ्या बाजूला, साप-विंचू चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्राचा उपचार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर तो कायदा आला. आपल्या किती गावांत तो माहीत आहे?

डंख कुणाला होतो हेही एकदा उघड बोलले पाहिजे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने मांडला. मरणारे खेड्यातील, शेतात राबणारे, अनवाणी, जमिनीवर झोपणारे. ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीत झोपणाऱ्या लेकराजवळ मण्यार येते तेव्हा ती जात पाहत नाही हे खरे. पण जमिनीवर कोण झोपते आणि पलंगावर कोण झोपते, हे कुणी ठरवले? मेल्यावरही फरक संपत नाही. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत सर्पदंश-विंचूदंशाने मृत्यू आल्यास दोन लाखांचे अनुदान आहे, पण ते वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीला. ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्या भूमिहीन मजुराचे काय? शेत दुसऱ्याचे आणि साप चावला मजुराला, तर कागद शेताचा मागतात.

याउलट एक उदाहरण आहे. तामिळनाडूतील इरुळा ही अनुसूचित जमात. साप पकडून कातडी विकणे हा त्यांचा धंदा होता, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो बंद पडला. १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. देशातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतांश विष या माणसांच्या हातून येते. २०२३ साली त्यांच्यातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडील गारुडी, मदारी, वैदू, पारधी यांच्या हातातील असेच ज्ञान आपण कायद्याने काढून घेतले आणि बदल्यात त्यांना काहीही दिले नाही. वर त्यांच्याकडे चोर म्हणून पाहत राहिलो. शिवाय तामिळनाडूच्या नागाच्या विषावर बनलेले प्रतिविष प्रत्येक प्रदेशातील सापावर सारखे लागू पडत नाही, हे भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे आपल्या भागातील विष गोळा करणारी माणसे ही चैन नाही, जिवाची गरज आहे.

कायदा म्हणाल तर २००२ चा जैवविविधता कायदा आहे. (आयबेरिओटॉक्सिनचा शोध त्याच्या आधीचा, त्यामुळे त्या हिशेबाला तो लागू नाही.) गावातील जीवांपासून कुणी व्यापारी फायदा मिळवला तर त्यातील वाटा स्थानिकांना मिळावा, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, लोक जैवविविधता नोंदवही असावी, असे तो सांगतो. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे दात बोथट झाले, गुन्ह्याची शिक्षा जाऊन दंड राहिला. तरी नोंदवही आहे. हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर २०२० च्या सुमारास या नोंदवह्या गावोगाव घाईघाईने भरल्या गेल्या. मी एका गावाची पाहिली. वड, पिंपळ, बाभूळ, मोर, ससा. विंचवाच्या रकान्यासमोर 'उपयोग' या शीर्षकाखाली आडवी रेघ. ती भरताना वस्तीवरील कुणालाही विचारलेले नव्हते, हे तिथल्याच माणसाने सांगितले.

ब्राझीलचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवावे. तिथल्या जराराका सापाच्या विषाने रक्तदाब कोसळतो, यावर ब्राझीलच्या सर्जिओ फरेरा यांनी काम केले. त्या धाग्यावरून अमेरिकी कंपनीने कॅप्टोप्रिल बनवले, १९८१ साली ते बाजारात आले आणि कंपनीने अमाप पैसा कमावला. ब्राझीलच्या हाती काही लागले नाही. पण गोष्टीचा पुढचा भाग आपल्याला उपयोगी आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त कृतीवर पेटंट मिळे. म्हणून त्याच कुळातील गोळ्या आपल्या कंपन्यांनी स्वस्तात बनवल्या आणि आज एनालाप्रिल सरकारी दवाखान्यातही मिळते. २००५ पासून तो कायदा बदलला आहे. उद्या विषापासून मज्जातंतूच्या वेदनेवर खरोखर चांगली गोळी निघाली, तर ती वीस वर्षे पेटंटच्या कुलपात असेल. तेव्हा निदान संशोधनाचा काही भाग तरी सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक संस्थेत झाला पाहिजे. परळची हाफकिन संस्था १८९९ पासून उभी आहे. सर्पदंशावरचे आणि विंचूदंशावरचे प्रतिविष बनवण्याचा अनुभव तिच्या आवारात आहे. तिला पैसा द्या, माणसे द्या, मराठवाड्याचे विष तपासायला सांगा. विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रात विज्ञान शिकणारी आमची पोरे पदवीनंतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाऊन बसतात. मनिलाला यंत्रे नसताना काम सुरू झाले, तसे काम त्यांच्याही भोवती आहे, फक्त त्यांना कुणी दाखवत नाही.

परंतु हे सगळे होईल तेव्हा होईल. आईला जी गोळी दोन वर्षे उशिरा मिळाली, ती आज तरी कुणाला वेळेवर मिळते का? अमिट्रिप्टिलीन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. मधुमेही रुग्णाच्या तळपायाची संवेदना तपासायला नायलॉनचा एक जाडसर धागा लागतो, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. तो तळपायाला टेकवायचा आणि विचारायचे, लागतंय का? एवढीच तपासणी. पाय कापण्याची वेळ त्यावरून टळू शकते. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा आकांक्षित म्हणून २०१८ पासून केंद्राच्या यादीत आहे. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात हा धागा का असू नये?

मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या आहेत. जिल्ह्यातील किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत मज्जातंतूच्या वेदनेवरची गोळी गेल्या वर्षी सलग बारा महिने उपलब्ध होती? किती केंद्रांत मधुमेहींचे पाय धाग्याने तपासले जातात? आणि विंचूदंशासाठी प्राझोसिन किती केंद्रांत आहे? वाचकांनीही २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या गावापुरते हेच विचारावे आणि जैवविविधतेची नोंदवही मागून घेऊन विंचवाच्या रकान्यासमोर काय लिहिले आहे ते पाहावे. मला उत्तर आले की याच जागेत छापीन, न आले तर तेही छापीन.